कापसाची कातरणी

कापसाने माझा अंगठा दातांत धरला तो सोडेचना.

"ओढू नका," गोगटे मॅडम दारातूनच म्हणाल्या. "ओढलंत की जास्त फाडतो. कंटाळला की आपोआप सोडेल."

त्यांना अनुभव होता. माझ्या आधी पुण्यातल्या कुत्र्यांच्या चार पार्लरवाल्यांनी त्याला हात जोडून परत पाठवलं होतं. कापूस म्हणजे त्यांचा ल्हासा जातीचा कुत्रा, दहा वर्षांचा. नावाप्रमाणे पांढरा, पण त्या दिवशी जुन्या गादीतून काढलेल्या कापसासारखा दिसत होता, मळका आणि गोळे गोळे झालेला. कानांमागे, काखेत, पोटाखाली केसांचे इतके घट्ट गठ्ठे झाले होते की चालताना कातडी ओढली जाऊन तो लंगडायचा.

नऊ वर्षं त्याचे केस घरीच कापले जायचे. गोगटे काका रविवारी बाल्कनीत स्टुलावर वर्तमानपत्र पसरून त्याला बसवायचे आणि दोन तास निवांत कात्री चालवायचे. घरच्या कुत्र्याला केस कापायला बाहेर कशाला न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांना कंपवात झाला. एका रविवारी हात हलला आणि कात्रीचं टोक कापसाच्या कानाला लागलं. जखम किरकोळ होती. पण त्या दिवसापासून काकांनी कात्री धरली नाही आणि कापसाने कुणाला धरू दिली नाही.

"आठ महिने झाले," मॅडम म्हणाल्या. "आता गाठींखाली चिघळलंय. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवसांत केस निघाले नाहीत तर विष अंगात भिनेल. आणि भूल देता येत नाही, त्याचं हृदय कमजोर आहे. तुमच्याकडून झालं नाही, तर मग..." त्या चष्मा काढून पुसायला लागल्या.

कापसाने एव्हाना अंगठा सोडला होता. तो पाठीमागे लपवत मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही निर्धास्त घरी जा. एक वाजता या. माझे वडील पशुसंवर्धन खात्यात होते. मी लहानपणापासून जनावरांतच वाढलोय."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. माझ्या वडिलांची साठ मेंढरं होती, आणि पशुसंवर्धन खात्याशी त्यांचा संबंध वर्षातून एकदा लशीच्या रांगेत उभं राहण्यापुरता. आम्ही आटपाडीकडचे धनगर. माझं नाव बिरदेव बंडगर. पण बंगलोरला कुत्र्यांचे केस कापायचा तीन महिन्यांचा कोर्स करून कोथरूडात दुकान टाकलं तेव्हा पाटीवर मी 'वीर' एवढंच लिहून घेतलं होतं. वीर या नावाच्या माणसाकडे लोक कुत्री बिनघोर सोडून जातात, असा माझा समज होता. ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकान उघडून आठ महिने झाले होते आणि मी सव्वीस वर्षांचा शहाणा होतो.

मॅडम गेल्या आणि मी शिकलो तसं सगळं केलं. कापसाला टेबलावर चढवलं, गळ्यात पट्टा अडकवला, तोंडाला मुसकं बांधलं, ट्रिमर सुरू केला. ट्रिमरचा आवाज होताच त्याने असा काही हिसका दिला की पट्टा आवळला. मी ट्रिमर ठेवून कात्री घेतली, तर कात्री बघूनच तो थरथरायला लागला. दहा मिनिटांत त्याची जीभ जांभळी पडली. मुसक्यातून घरघर ऐकू यायला लागली.

"जीव जाईल त्याचा," मागून आवाज आला.

आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती. नऊवारी लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, हातभर गोंदण, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूसाठी तिला मी गावाहून आणलं होतं. एक डोळा झाला होता, दुसरा चार महिन्यांनी करायचा होता. दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. दुकान चालू असताना बाहेर येऊ नकोस, कुत्री अंगावर येतील, असं मी तिला बजावलं होतं. जिने उभी हयात लांडग्यांच्या वाटेवर मेंढरं बसवली, तिला मी कुत्र्यांचं भय घालत होतो. खरं कारण तिला कळलं नसेल असं नाही. तरी तीन आठवडे ती मुकाट आत बसली होती.

"आई, तू आत जा. मी बघतो."

"काय बघतोस? ते सोड आधी गळ्यातलं."

मी पट्टा सोडला, मुसकं काढलं. कापूस टेबलावरून उडी मारून कोपऱ्यात जाऊन बसला. आई त्याच्याकडे न बघता भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली, पाय पसरून.

"डॉक्टरनं वाकायचं नाही सांगितलंय," मी म्हणालो.

"वाकत न्हाई. बसले नव्हं? कातर दे."

मी तिला माझी सगळ्यांत चांगली, बंगलोरहून आणलेली बाकदार कात्री दिली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली.

"एवढीशी?"

"कुत्र्यांची अशीच असते."

आमच्यात मेंढरं कातरतात ती पुरुषमाणसं. बाया लोकर कातायच्या. पण मी आठवीत असताना वडील गेले, आणि कातरणीला दुसऱ्यांच्या हातापाया पडण्यापेक्षा आईने स्वतः कातर उचलली. भावकीत नावं ठेवली गेली. आईने त्याच वर्षी साठच्या साठ मेंढरं कातरली आणि एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता, तेव्हा नावं ठेवणारे गप्प झाले.

तिने कात्री हवेत धरली आणि नुसतीच वाजवायला लागली. कच्‌, कच्‌, कच्‌. कापूस कोपऱ्यात अंग चोरून गुरगुरत होता. ती त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आई, एक वाजता त्या येणार आहेत."

"येऊंदे. आधी कातरीचा आवाज पचू द्यायचा. आवाज पचला की कातर पचती. तुमच्या त्या शाळंत शिकवलं न्हाई व्हय?"

वीस मिनिटांनी कापसाचं गुरगुरणं थांबलं. मग तो जांभई देऊन खाली बसला. आई कात्री वाजवत वाजवतच बसल्या जागेवरून थोडी थोडी सरकत त्याच्यापर्यंत गेली, आणि तिने डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. मला वाटलं आता चावतो. तो चावला नाही. तिने त्याला अलगद कुशीवर पाडलं, डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पदर त्याच्या डोळ्यांवर टाकला. घशातल्या घशात ती एक आवाज काढत होती. तो आवाज मी लहानपणी रोज ऐकला होता आणि गाव सोडल्यापासूनच्या आठ वर्षांत विसरून गेलो होतो.

"आता हळद आण."

"हळद कशाला? पांढरा कुत्रा आहे, आई. पिवळा होईल."

"जट काढायची आन् हळद नको? खाली सगळं चिघळलंय. आण."

मी आणली. मग तिने कातरायला घेतलं. मी गाठ ओढून मुळाशी कापायचो. ती गाठ ओढायची नाही. गठ्ठ्यात कात्रीचं टोक उभं घालून आधी तो चिरायची, बोटांनी उसवायची, डाव्या हाताने कातडी ताणून धरायची आणि मग हलकेच कापायची. दिसत होतं तिला निम्मंच. उरलेलं बोटं बघत होती. दोन तासांत तिच्या बाजूला मळक्या केसांचा ढीग झाला आणि त्यातून एक बारका, गुलाबी, हळद लावलेला कुत्रा बाहेर आला. मांडीवर डोकं ठेवून तो चक्क झोपला होता.

"कोकरू दिसतंय नव्हं?" आई म्हणाली. पुण्याला आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. माझीही छाती फुगली होती. तिने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "तुझा बा असता तर म्हणला असता, कानामागं राह्यलंय."

एवढ्यात दाराची घंटा वाजली आणि गोगटे मॅडम आत आल्या. आल्या त्या तशाच जमिनीवर बसल्या. कापूस जागा होऊन त्यांचे हात चाटायला लागला. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"हा पिवळा का दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"हळद आहे, मॅडम. जंतुनाशक."

"कुणी केलं हे?" मग त्यांचं लक्ष आईकडे गेलं, तिच्या मांडीवर पडलेल्या केसांकडे, हातातल्या कात्रीकडे. "या कोण?"

आई माझ्याकडे बघत होती. तोंडभर हसत होती. आता पोरगा आपली ओळख करून देईल, अशा आशेने.

पशुसंवर्धन खातं माझ्या डोक्यात आलं. पाटी डोक्यात आली. या बाईंच्या ओळखीची कोथरूडातली सगळी कुत्री डोक्यात आली.

"या मदतीला असतात," मी म्हणालो. "म्हाकूबाई."

जन्मात पहिल्यांदा मी आईचं नाव असं घेतलं.

आईचं हसू गेलं नाही. ते तसंच राहिलं, फक्त लहान झालं. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, ह्याला पाणी पाजू का?"

मी मान हलवली.

"वीर, एक विचारू?" मॅडम म्हणाल्या. "ह्याला पुन्हा टेबलावर नको चढवायला. महिन्यातून एकदा म्हाकूबाईंना आमच्या घरी पाठवाल? ह्यांनाही बरं वाटेल. कापसाच्या कानाला कात्री लागल्यापासून ते बाल्कनीत बसायचेच बंद झालेत. याल ना हो, म्हाकूबाई?"

"साहेब म्हणत्याल तसं," आई म्हणाली.

साहेब हो म्हणाले.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून मी आत गेलो तेव्हा आई स्टोव्ह पेटवत होती. मी खाटेच्या कडेला बसलो.

"आई, दुकान नवीन आहे. लोकांना काय, उगाच..."

"भाकरी थापू का भात टाकू?"

"राग आला तुला?"

"वांगं हाय. भाकरीच बरी." तिने पिठाचा डबा ओढला. विषय तिथेच संपला. ती भांडली असती, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर दुकानात गिऱ्हाईक असलं की ती मला साहेब म्हणायची. इतकं बिनचूक म्हणायची की कुणाला कधी शंका आली नाही. टॉवेल द्यायची, केस झाडायची, चावऱ्या कुत्र्यांना जमिनीवर घेऊन बसायची. माझ्याकडे आता कसलंही कुत्रं चालतं अशी ख्याती झाली. गिऱ्हाइकं गेली की ती पुन्हा आई व्हायची, पण नावाने हाक मारायची बंद झाली. 'आरं' म्हणायची, 'ऐकलं का' म्हणायची. गावाकडे माझ्या नावाने ती डोंगर दणाणून सोडायची.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ती रिक्षाने गोगट्यांकडे जायची आणि आल्यावर तिथलं सांगायची. ते सांगताना तिला मोकळं वाटायचं.

"म्हाताऱ्याच्या हातात मी दुसरी कातर दिली आज. म्हणलं, काका, तुम्ही नुसती वाजवा. त्यांचा हात हलतोयच, कातर आपसूक वाजती. मला वाजवावी लागंना. कुत्रं त्यांच्या पायावर झोपलं, मी कातरलं. म्हातारा इतका हसला, इतका हसला की त्याची बायको सैपाकघरातनं पळत आली."

मीही हसलो. असलं काही बंगलोरला कुणाला सुचलं नसतं, आणि ही बाई माझी आई आहे हे मला एकाही माणसाला सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला ती आली ती खुशीत होती. गोगटे मॅडमनी तिला गूळपोळी बांधून दिली होती. मी जेवत होतो. ती माझ्या ताटात वाढत म्हणाली, "आज बाईनं इचारलं, म्हाकूबाई, पोरंबाळं किती तुम्हाला?"

माझा घास हातातच राहिला. "मग?"

"म्हणलं, एक ल्योक हाय. गावाकडं मेंढरं राखतोय."

ती अगदी सहज सांगत होती. टोमणा मारायचा असता तर मला तिच्या आवाजावरून कळला असता. आवाजात काहीच नव्हतं, उलट कौतुक होतं.

"नाव विचारलं असेल," मी म्हणालो.

"इचारलं की. म्हणलं, बिरू."

"आणखी काय सांगितलंस?"

"त्या इचारत गेल्या तसं सांगत गेले. म्हणलं, चांगला हाय. माझ्याबिगर जेवत न्हाई. मला नीट दिसत न्हाई तर भाकरी मोडून ताटात घालतो. मेंढरं घेऊन पुढं चालतोय, पर घडीघडीला थांबून मागं बघतोय, आई येतीया का." ती गूळपोळीचा तुकडा मोडत होती. "बाई म्हणल्या, नशीबवान हाय तुम्ही. म्हणलं, व्हय."

मी ताटावरून उठलो आणि दुकानात येऊन अंधारात टेबलाला टेकून उभा राहिलो. ज्या मुलाचं ती कौतुक करत होती तो मी कधीकाळी होतो. आठवीच्या वर्षी, वडील गेल्यावर, खरंच मी मेंढरांच्या पुढे चालत मागे वळून बघायचो, ती येतेय ना म्हणून. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त त्याला गावाकडे ठेवून दिलं होतं, मला अडचण व्हायला नको म्हणून. मला माझी इतकी लाज वाटली की आत जाऊन तिच्यासमोर बसवेना. ती मात्र आतून म्हणाली, "आरं, तूप देऊ का पोळीवर?"

पुढचा महिना मी कसाबसा काढला. कितीदा वाटलं, फोन करून सांगून टाकावं. पण फोनवर सांगायची ती गोष्ट नव्हती. आणि भीतीही होती, नव्हती असं खोटं कशाला सांगू. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे कोण आपली कुत्री सोडेल?

पहिल्या रविवारी सकाळी आई पिशवीत कात्री, हळदीची पुडी, जुनं फडकं भरून निघाली. मी दुकानाला कुलूप लावलं.

"कुठं निघालास?"

"तुझ्याबरोबर येतो."

"त्या डॉक्टरकडं जायाचं हाय का?"

"नाही. गोगट्यांकडे."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "नको," ती म्हणाली. "चाललंय ते बरं चाललंय. दुकान हाय तुझं."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. रिक्षा केली नाही, चालतच निघालो. वाटेत ती दोनदा म्हणाली, परत जा. दोन्ही वेळा मी थांबून तिला पुढे येऊ दिलं.

गोगटे मॅडमनी दार उघडलं आणि मला बघून गोंधळल्या. त्यांच्या मागे बाल्कनीत गोगटे काका खुर्चीत बसलेले दिसत होते आणि कापूस नखं वाजवत दाराकडे धावत येत होता. माझ्या पायांमधून वाट काढत तो आईच्या पायांशी गेला.

"वीर? तुम्ही स्वतः? काही चुकलं का आमचं?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मी वीर नाही. बिरदेव बंडगर. यांचा मुलगा. तो मेंढरं राखणारा."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मग आईकडे. आई चौकटीबाहेर चपलांकडे बघत उभी होती, चोरी तिचीच पकडली गेल्यासारखी.

"आणि वडील?" मॅडमनी हळूच विचारलं. "पशुसंवर्धन खातं?"

"नव्हते. तेही मेंढरंच राखायचे. मला हे काम येतं ते थोडंफार त्यांचं, आणि पुष्कळसं हिचं."

काकांनी आतून विचारलं, "कोण आलंय गं?" मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी आईचा हात धरला. आत वळून त्या म्हणाल्या, "म्हाकूबाईंचा बिरू आलाय. गावाहून."

मला भडभडून आलं. तिथेच जिन्यात, त्यांच्या दारात, मी लहान मुलासारखा उभा होतो आणि पुढे पाऊल टाकायला होत नव्हतं. आई केव्हाच आत गेली होती. बाल्कनीत जाऊन तिने पाय पसरले, कापसाचं डोकं मांडीवर घेतलं, पदर त्याच्या डोळ्यांवर टाकला. मग तिने मान वर करून दाराकडे पाहिलं आणि डोंगरावर मारायची तशी, चार मजल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"बिऱ्या, उभा काय राह्यलास तिथं? ये हिकडं. बस खाली, ह्याचं मागलं पाय धर."

मी चपला काढल्या आणि आईच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसलो.